काळ्या पडद्यामागे मशीन जिवंत असतं

कडोदरा चौकडीवरून बारडोली, व्यारा करत रस्ता धुळ्याकडे जातो. याच रस्त्याने खानदेशातली कितीतरी कुटुंबं सुरत जिल्ह्यातल्या मिलमध्ये कामाला आली. अशा घरात कॉम्प्युटर असलाच तर तो एकच असतो, बहुधा सेकंडहँड. ताईचा प्रोजेक्ट, भावाचा बायोडाटा, गावाकडच्या लग्नाचे फोटो, सगळं त्यातच. आणि एके दिवशी तो चालू होतो, पंखा फिरतो, पण स्क्रीन काळी. दुकानात नेला की ठरलेलं उत्तर: ‘फॉर्मेट मारवुं पडशे.’

माझं म्हणणं एवढंच, की हे उत्तर लगेच मान्य करू नका.

स्क्रीनवर जे दिसतं ते म्हणजे कॉम्प्युटर नव्हे. लिनक्समध्ये तर चित्र दाखवणारा भाग वेगळाच प्रोग्राम असतो. एक्स विंडो सिस्टिम १९८४ साली अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये तयार झाली, तेव्हापासून ही विभागणी आहे. ग्राफिक्स कार्डाचा चुकीचा ड्रायव्हर पडला किंवा ‘एक्सऑर्ग डॉट कॉन्फ’ या फाइलीत एखादी ओळ चुकली, तर फक्त चित्र जातं. फाइली जागच्या जागी असतात.

मग करायचं काय? कंट्रोल, ऑल्ट आणि एफ-३ एकत्र दाबा. बहुतेक वेळा काळ्या पडद्यावर लॉगिन विचारणारी अक्षरं येतात. तिथून आत जाऊन त्या बिघडलेल्या फाइलीचं नाव बदलायचं आणि मशीन रीस्टार्ट करायचं. ती फाइल नसली तर आजचं लिनक्स स्क्रीन आणि कार्ड सहसा स्वतःच ओळखतं. फाइल पुसू नका, नावच बदला, म्हणजे परतीची वाट राहते. अक्षरंही आली नाहीत तर सुरुवातीच्या ग्रब मेनूत ‘रिकव्हरी मोड’ असतो. विंडोजवाल्यांनी आधी विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी दाबून पाहावं. त्याने ग्राफिक्स ड्रायव्हर पुन्हा सुरू होतो. नाही जमलं तर सेफ मोड आहेच. काहीच चाललं नाही तरी लाइव्ह पेनड्राइव्हवरून मशीन उघडून डेटा काढता येतो. डिस्क बिटलॉकरने बंद असेल तर मात्र तिची रिकव्हरी की लागते. ती आजच वहीत लिहून ठेवा.

१९ जुलै २०२४ आठवा. क्राउडस्ट्राइकच्या एका सदोष अपडेटने जगभरातली सुमारे ८५ लाख विंडोज मशीन बंद पडली. आपल्याकडे विमानतळावर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. बिघाड डिस्प्लेचा नव्हता, पण धडा तोच. उपाय फॉरमॅट नव्हता. सेफ मोडमध्ये जायचं, एक फाइल काढायची, झालं.

दुकानदाराला दोष देऊन उपयोग नाही. फॉरमॅटला किती वेळ लागेल हे त्याला माहीत असतं, बिघाड शोधायला किती लागेल हे नसतं. आणि शोधण्याचे पैसे आपण देतो का? निदान ‘आधी डेटा काढा, मग काय ते करा’ एवढं तरी आपण सांगावं.

कुणी म्हणेल, साहित्य मंडळाच्या अंकात हे कशाला? कारण अडचण तंत्राइतकीच भाषेची आहे. ही सगळी माहिती इंग्रजीत भरपूर आहे. अडलेल्या माणसाला समजेल अशा सरळ मराठीत, पायरीपायरीने ती लिहिणं हेही लेखनच. कवितेइतकंच नेमकं लिहावं लागतं. एक शब्द चुकला तर वाचणाऱ्याची फाइल जाते. ‘टर्मिनल’ला प्रतिशब्द शोधत बसायची गरज नाही, वाक्य मराठी हवं.

म्हणून मंडळाला सुचवतो: एक पानाची अशी टिपणं तयार करूया, कॉम्प्युटरच्या मुलांकडून तपासून घेऊया आणि छापून वाटूया. कागदावरच, कारण ज्या क्षणी ती लागतील त्या क्षणी स्क्रीन बंद असेल.