केसपेपरवरची एक ओळ

पन्नाशी उलटलेला माणूस दवाखान्यात येतो. जिना चढताना दम लागतो, खोकला कोरडा आहे. आपण बिडीचे विचारतो, बेडका तपासायला पाठवतो आणि क्षय किंवा दमा लिहून मोकळे होतो. आयुष्यभर त्याने काय काम केले, हे केसपेपरवर येतच नाही.

विचारले तरी ‘ॲस्बेस्टॉस’ हा शब्द त्याच्या तोंडी नसतो. महू-पिथमपूरकडे तो ‘सिमेंटची चद्दर’ म्हणतो. म्हणून प्रश्नही त्याच्या बोलीत हवा: चद्दर कापायचात का? जुनी छपरे उतरवलीत का? ब्रेकचे लायनर घासलेत? बॉयलरच्या पाइपांवरचे वेष्टण सोललेत? कोणत्या साली, कोणाकडे? ॲस्बेस्टॉसमुळे होणारा मेसोथेलिओमा बहुधा तीस-चाळीस वर्षांनी डोके वर काढतो. तोवर कारखाना सुटलेला असतो, मुकादमाचे नावही विसरलेले.

काम न विचारण्याची ही चूक आपल्या शेजारी होऊन गेली आहे. अलिराजपूर-झाबुआचे आदिवासी गुजरातेतल्या क्वार्ट्झ दळणाऱ्या कारखान्यांतून सिलिकोसिस घेऊन परतले आणि कित्येकांवर क्षयाचे उपचार झाले. 238 मृतांच्या वारसांना प्रत्येकी 3 लाख रुपये द्यावेत, अशी शिफारस राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने 2010मध्ये केली. भरपाईचा आदेश सर्वोच्च न्यायालयातून यायला 2016 उजाडले.

ॲस्बेस्टॉसबाबत तर याच न्यायालयाने 27 जानेवारी 1995 रोजीच कामगारांच्या आरोग्यनोंदी 40 वर्षे किंवा नोकरी सुटल्यावर 15 वर्षे, यांतली जी मुदत उशिरा संपेल तोवर, जपायला सांगितले. कामगार भरपाईच्या कायद्यात ॲस्बेस्टॉसमुळे होणारा फुप्फुसाचा कर्करोग आणि मेसोथेलिओमा व्यवसायजन्य रोग म्हणून नोंदलेले आहेत. ईएसआयचा विमा असेल, तर दावा तिकडे. भरपाईच्या कायद्यातील दाव्याची मुदत साधारण दोन वर्षांची. उशिराला सबळ कारण असेल, तर तो माफ होऊ शकतो.

आणि एक कर्तव्य थेट आपले. कारखान्यातल्या कामगाराला ॲस्बेस्टॉसिस असल्याची डॉक्टरला नुसती शंका आली, तरी मुख्य कारखाने निरीक्षकाला लेखी कळवणे बंधनकारक, असे 1948च्या कारखाने कायद्याचे कलम 89 सांगत आले. 2020च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेतही ती तरतूद आहे. ठेकेदाराच्या हाताखालच्या मिस्त्रीजवळ मात्र ना हजेरीपत्रक, ना ओळखपत्र. त्याचा पहिला पुरावा म्हणजे आपला केसपेपर.

तेव्हा एक रबरी शिक्का करून घ्या: ‘काम काय, कुठे, किती वर्षे?’ प्रत्येक नव्या केसपेपरवर तो मारा आणि पुढची जागा रिकामी सोडू नका.