ट्रम्पेट कोणाचा?

भाईंदर पश्चिमेच्या जेट्टीकडे निघालेल्या विसर्जन मिरवणुकीत बेंजोवाले रंगात आले, की 'शोला जो भडके' हमखास वाजते. नाचणारी पोरे विशीतली, गाणे 1951 सालच्या 'अलबेला'तले. पावले मात्र त्यातले नायक भगवानदादा यांचीच पडतात. 'अलबेला'चे संगीतकार सी. रामचंद्र 5 जानेवारी 1982 रोजी गेले. त्यांच्या चालींना अजून रस्त्यावर जागा आहे, याचा मनापासून आनंद वाटतो.

पण प्रेम चालीपाशीच थांबते, ध्वनिमुद्रणापर्यंत पोहोचत नाही. ही खंत आहे आणि ती बोलून दाखवायला हवी.

अमेरिकेत 1954 च्या सुमारास मेम्फिसच्या सन स्टुडिओतून रॉकबिली नावाचा संगीतप्रकार पुढे आला. त्यातला एखादा गायक वारला तरी त्याचे चाहते त्याच्या तबकड्या कानात प्राण आणून ऐकत राहतात. एल्विसच्या मागे गिटारवर स्कॉटी मूर होता आणि डबल बास बिल ब्लॅक बडवत होता, हे त्यांना पाठ असते. जर्मनीतल्या बेअर फॅमिली या कंपनीने तर अशा गायकांचे जाडजूड संच काढले. कोणते गाणे कुठे, कधी आणि कोणाच्या साथीने मुद्रित झाले, याच्या नोंदी त्यांत असतात.

ते वारे आपल्याकडे पोहोचायला वेळ लागला नाही. 1957 च्या 'आशा' चित्रपटातले 'ईना मीना डीका' हे त्याचे खणखणीत उदाहरण. पुणतांब्यात जन्मलेल्या सी. रामचंद्र या मराठी माणसाने किशोरकुमार आणि आशाबाईंकडून ते वेगवेगळे गाऊन घेतले. दोन्ही मुद्रणे पाठोपाठ ऐकावीत, गायकाकडे नव्हे तर मागे कान देऊन. ब्रासचा तुकडा कसा आत घुसतो आणि गाणाऱ्याला कसा पुढे ढकलतो, ते तेव्हा कळते. सगळा जीव त्या ढकलण्यात आहे. रामचंद्रांचे सहायक जॉन गोम्स यांनी या गाण्याच्या शब्दांत कोकणीची भर घातली, असे सांगतात.

'अलबेला'त ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट आणि त्यांचे साथीदार पडद्यावरही दिसतात. हे मूळचे गोव्यातल्या हळदोण्याचे आंतोनियो शाव्हियेर वाझ. चर्चच्या शाळांत स्टाफ नोटेशन शिकलेल्या अशा गोवेकरांनी मुंबईच्या सिनेसंगीताचा वाद्यवृंद उभा केला. चाल पेटीवर सुचायची. ती वीस-तीस वादकांपुढे कागदावर उतरवून ठेवायचे काम अरेंजरचे. तबकडीच्या लेबलवर मात्र गायक, फार तर संगीतकार. वादकांना तिथे जागाच नव्हती.

आपले चाहते कमी पडले, असे म्हणणे अन्यायाचे होईल. कानपूरच्या हरमंदिर सिंग 'हमराज' यांनी बँकेची नोकरी सांभाळून हिंदी फिल्म गीतकोश रचला. मुंबईत 1990 मध्ये सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स उभी राहिली. ग्रेगरी बूथ या परदेशी अभ्यासकाने मुंबईच्या वादकांच्या मुलाखती घेत हिंडून 2008 मध्ये त्यांच्यावर पुस्तक काढले. बूथ यांनी गाठले ते वादक तेव्हाच उतारवयाचे होते. हे काम मराठी रसिकांनी वीस वर्षे आधी हाती घेतले असते, तर आणखी कितीतरी जणांच्या तोंडून ऐकायला मिळाले असते.

अजूनही थोडे हातात आहे. गिरगाव, धोबीतलाव, वांद्रे सोडून भाईंदर-वसईकडे आलेल्या कुटुंबांच्या माळ्यावर लाखेच्या तबकड्या पडून असतात. हातातून निसटली की फुटणारी वस्तू ती. घर रंगवायला काढले, की भंगारवाल्याकडे जाते. तिथे ती किलोवर विकण्याआधी लेबलचा नीट फोटो तरी काढावा. घरात वाद्य वाजवणारे कोणी होते का, हे आजीला विचारावे. कुठला स्टुडिओ, शेजारच्या खुर्चीवर कोण बसायचे, एका मुद्रणाचे किती मिळायचे, हे मोबाइलवर मुद्रित करून ठेवावे. आणि जुन्या गाण्यांचे कार्यक्रम करणाऱ्या मंडळांनी निवेदनात गायक-संगीतकारांच्या जोडीला अरेंजरचे आणि जिथे ठाऊक असेल तिथे वादकाचे नाव यंदाच्या गणेशोत्सवापासूनच घ्यायला लागावे.