नाव आपले, पत्ता भाड्याचा

स्वतःचा मेलसर्व्हर आणि स्वतःचे नेमसर्व्हर चालवण्याचा खटाटोप आता फारसे कोणी करत नाही. आम्ही करतो, आणि त्यामागे एक आग्रह आहे: आपल्या नावाने येणारे पत्र आपल्याच दारात यावे. या आग्रहाची परीक्षा मध्यंतरी झाली. ज्यांच्याकडून यंत्रासाठी जागा भाड्याने घेतली होती, त्यांनी जुने आयपी पत्ते काढून घेत असल्याचे कळवले. मुदत एक महिना.

तसे पाहता पत्ता बदलणे ही चिंतेची बाब असू नये. पॉल मोकापेट्रिस यांनी १९८३ साली मांडलेल्या डीएनएस या नामव्यवस्थेचा मोठा गुण हाच, की नाव स्थिर राहते आणि त्यामागचा आकडा बदलू शकतो. प्रत्येक उत्तराला आयुष्य नेमून दिलेले असते. आमच्या नोंदींचे ते ८६,४०० सेकंद, म्हणजे एक दिवस होते. स्थलांतराच्या दोन दिवस आधी ते ३०० वर आणले, की जुना पत्ता जगाच्या स्मरणातून पाच मिनिटांत पुसला जातो. निदान जावा.

नेमसर्व्हरचे मात्र वेगळे. आमचा नेमसर्व्हर कुठे आहे हे आमच्या नेमसर्व्हरलाच विचारायचे, तर विचारणार कुठे? म्हणून त्याचा पत्ता वरच्या पातळीवर, डॉट कॉमच्या नोंदीत ठेवलेला असतो. ती नोंद रजिस्ट्रारमार्फत बदलून घ्यावी लागते. तिचे आयुष्य दोन दिवसांचे, आणि ते कमी करणे आपल्या हाती नाही. दुय्यम नेमसर्व्हर तर त्याहून कावेबाज. मुख्य यंत्राचा नवा पत्ता त्याला सांगायचा राहिला, तर तो बाहेरच्यांना जुनीच माहिती निमूटपणे देत राहतो आणि पुढे केव्हातरी, आपण सारे विसरल्यावर, उत्तर देणेच थांबवतो.

येणाऱ्या पत्रांची इतकी धास्ती नको. जॉन पोस्टेल यांनी १९८२ मध्ये शब्दबद्ध केलेल्या एसएमटीपीचा स्वभाव मुळातच सोशिक आहे. दार बंद दिसले तर पाठवणारा सर्व्हर पुन्हा पुन्हा येतो. चार-पाच दिवस तरी प्रयत्न सोडू नये असा संकेत आहे. धोका अर्धवट उघड्या दाराचा. नवे यंत्र सुरू झाले, पण खात्यांची यादी तिथे पोचलेली नाही, तर ते 'असे कोणी इथे राहत नाही' असे ठाम उत्तर देते आणि पत्र कायमचे परत जाते. त्यापेक्षा दार बंद असलेले बरे.

आमची खरी तक्रार आहे ती जाणाऱ्या पत्रांबाबत. आयपीच्या चौथ्या आवृत्तीत पत्तेच मुळी सुमारे ४२९ कोटी. त्यांचा जागतिक मध्यवर्ती साठा फेब्रुवारी २०११ मध्ये संपला. त्यामुळे आज हाती पडणारा 'नवा' पत्ता बहुधा कोणीतरी वापरून सोडलेला असतो, आणि मागच्या भाडेकरूने स्पॅम पाठवले असेल तर ते पाप आपल्या माथी येते. आमच्या बाबतीत तेच झाले. नाव तेच, डीकेआयएमची सही तीच, एसपीएफमध्ये नवा आकडा नोंदवलेला, उलट्या शोधाची नोंदही जागामालकाकडून करून घेतलेली. तरी पत्रे स्पॅमच्या पेटीत. नाकारलेले पत्र निदान परत येते. स्पॅममध्ये पडलेल्या पत्राचे ना पाठवणाऱ्याला कळते, ना घेणाऱ्याला.

स्पॅम अडवायला नको असे आम्ही म्हणत नाही. पण सहीने नाव सिद्ध करण्याची सोय २००७ पासून आहे. फेब्रुवारी २०२४ पासून तर गूगल आणि याहू यांनी नावाची काही ना काही पडताळणी सर्वच पाठवणाऱ्यांवर बंधनकारक केली. मग अनेक वर्षे सचोटीने वागलेल्या नावाला आकडा बदलताच अनोळखी का ठरवावे? ज्याच्याकडे आकड्यांचा मोठा साठा आहे, त्याला ही अडचण जाणवतच नाही. चटका बसतो तो एकाच आकड्यावर संसार करणाऱ्याला. मग तोही एक दिवस कंटाळून आपली पत्रे मोठ्यांच्या वाड्यात नेऊन ठेवतो.

असो. जुने यंत्र आम्ही मुदतीच्या अखेरच्या दिवसापर्यंत चालू ठेवले होते. तिसऱ्या आठवड्यातही कोणीतरी तिथे येऊन आमच्या नावाची चौकशी करत होते.