बालपणाची वारसनोंद

2017 च्या ऑक्टोबरात ‘फास्टर फेणे’ हा चित्रपट लागला, तेव्हा माझ्या धाकट्या बहिणीच्या दहा वर्षांच्या मुलाला शेजारी बसवून मी तो पुण्यातील एका चित्रपटगृहात पाहिला. पडद्यावरच्या अमेय वाघ यांनी जिभेने तो सुप्रसिद्ध ‘ट्टॉक्’ आवाज काढताच आमच्या मागच्या-पुढच्या रांगांतून टाळ्या आणि शिट्ट्या यांचा जो कल्लोळ उठला, तो करणाऱ्यांपैकी बहुतेकांची कानशिले पिकू लागली होती, हे त्या अंधुक उजेडातही माझ्या ध्यानात आल्यावाचून राहिले नाही. भाच्याने माझी बाही ओढून विचारले, “मामा, काय झालं?” हा फेणे म्हणजे फुरसुंगीचा बनेश, पुण्याच्या विद्याभवनात शिकायला आलेला एक काटकुळा मुलगा, सायकल मारत सुटायचे आणि लोकांच्या नसत्या भानगडीत नाक खुपसायचे हा त्याचा स्वभाव, इतके मी त्याला कुजबुजत सांगितले. त्यावर तो क्षणभर पडद्याकडे पाहत राहिला आणि म्हणाला, “मग हा कोणत्या शाळेत आहे?”

या प्रश्नाचे उत्तर मजजवळ नव्हते. कारण चित्रपटातला फेणे शाळेत नव्हताच. वैद्यकीय प्रवेशपरीक्षेसाठी पुण्यात आलेला तो तरुण होता, आणि ज्या प्रकरणात तो गुंतत जातो ते परीक्षेतील गैरव्यवहाराचे आणि एका परीक्षार्थीच्या खुनाचे होते. आदित्य सरपोतदार यांचे दिग्दर्शन चपळ होते, गिरीश कुलकर्णी यांचा अप्पा अंगावर काटा आणणारा होता, आणि फेणेच्या पुस्तकांचे लेखक खुद्द भा. रा. भागवत यांनाच एक पात्र करून दिलीप प्रभावळकरांच्या रूपाने पडद्यावर आणण्याची कल्पना तर कृतज्ञतेची होती. सारांश, चित्रपटाच्या गुणवत्तेविषयी माझी फिर्याद नाही. फिर्याद आहे ती वयाच्या फेरफाराविषयी.

सत्तरच्या दशकात आमच्या तालुक्याच्या गावच्या वाचनालयात फेणेची पुस्तके खाकी पुठ्ठ्यात बांधलेली असत; आतल्या पानावर परतीच्या तारखांचा कागद डकवलेला असे, त्यावर जांभळ्या शाईच्या शिक्क्यांची इतकी दाटी झालेली असे की नव्या शिक्क्यासाठी ग्रंथपालांना समास शोधावा लागे, आणि मुदत टळल्यास दिवसाला पाच पैसे दंड भरावा लागे. ‘प्रतापगडावर फास्टर फेणे’, ‘चक्रीवादळात फास्टर फेणे’, ‘गुलमर्गचे गूढ आणि फास्टर फेणे’ या नावांतच जो भूगोल होता, तो आमच्या गावच्या एस. टी. स्थानकापलीकडे न गेलेल्या मुलांना पुरून उरे. पण या पुस्तकांचे खरे सामर्थ्य त्या स्थळांत नव्हते. चोर, हेर आणि दरोडेखोर यांच्या मोठ्या जगात एक शाळकरी मुलगा, कोणाही वडीलधाऱ्याच्या परवानगीवाचून, केवळ सायकल, शीघ्रबुद्धी आणि निधडेपणा यांच्या बळावर प्रवेश करतो आणि मोठ्यांच्या हातून न झालेले काम तडीस नेतो, या एका अशक्यप्राय परंतु परम आश्वासक सिद्धांतावर त्या साऱ्या कथांची इमारत उभी होती. फेणेचे लहान वय हाच त्या इमारतीचा पाया होता. वाढत्या वयाच्या तरुणाने गुन्हेगार पकडला, तर ती एक चांगली रहस्यकथा होते. तेरा-चौदा वर्षांच्या मुलाने पकडला, तर दहा वर्षांच्या वाचकाची छाती चार बोटे फुगते.

मग चित्रपटाने हे वय का वाढवले? ज्या पिढीने फेणे पुस्तकात वाचला आणि ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर सुमीत राघवन यांच्या रूपात पाहिला, ती पिढी आता कमावती झालेली आहे. तिकीट तीच काढते, परिचित नाव ऐकून हुरळतेही तीच, आणि ज्याच्या कीर्तीची हमी आधीच मिळालेली आहे अशा नावावर भांडवल गुंतवणे हे निर्मात्याच्या दृष्टीने बिनजोखमीचे असते. त्यात गैर काही नाही. मात्र प्रेक्षक वयाने वाढला म्हणून नायकालाही वाढवायचे, या हिशेबात ज्या मुलांसाठी मूळ कथा लिहिली गेली, ती मुले जमाखर्चातूनच वगळली जातात. जुन्या आवडत्या कथांवरचे आजचे पुष्कळसे चित्रपट मुलांसाठी नसतात. ते माजी मुलांसाठी असतात.

या माजी मुलांची स्मृती हा साक्षीदार किती भरवशाचा, हेही एकदा तपासून पाहिले पाहिजे. सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात चिं. वि. जोशी यांचे चिमणराव आणि गुंड्याभाऊ मुंबई दूरदर्शनवर अवतरले, प्रभावळकर आणि बाळ कर्वे घरोघर पोहोचले, आणि आजही साठीच्या पलीकडची माणसे त्या मालिकेची आठवण निघताच ‘तसे आता होणे नाही’ असा निकाल देऊन मोकळी होतात. पण त्या काळी चित्रफिती महाग असत आणि एक कार्यक्रम दाखवून झाला की त्याच फितीवर दुसरा मुद्रित करण्याची वहिवाट दूरदर्शनमध्ये होती. त्यामुळे त्या वर्षांतील पुष्कळ काम कायमचे पुसले गेले. ज्याचा दस्तऐवजच उरलेला नाही, त्याची नव्याशी रुजुवात घालणार कशी? जे पुसले गेले ते स्मृतीत दरवर्षी थोडे अधिक सुंदर होत जाते, आणि त्या वाढत्या सौंदर्याशी स्पर्धा करण्याची पाळी बिचाऱ्या नव्या कलाकृतीवर येते. जुन्या मालिकेबरोबर आपल्याला आठवत असते ती रात्रीच्या जेवणाआधीची वेळ, शेजाऱ्यांच्या बैठकीतली सतरंजी आणि पुढे सरकून बसल्याबद्दल मिळालेला धपाटा. हे सारे कोणत्याही दिग्दर्शकाला परत आणून देता येणार नाही.

‘श्यामची आई’ची हकीकत या बाबतीत अधिक बोधप्रद आहे. साने गुरुजींनी 1933 साली नाशिकच्या तुरुंगात ते पुस्तक लिहिले. 1935 साली ते प्रसिद्ध झाले. 1953 साली आचार्य अत्रे यांनी त्यावर चित्रपट काढला आणि राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक त्याला लाभले. तो चित्रपट कृष्णधवल होता, कारण मराठी चित्रपटाची त्या काळची रीतच ती होती. 2023 साली सुजय डहाके यांनी तीच कथा पुन्हा चित्रित केली, तीही कृष्णधवलच. अत्र्यांपुढे पुस्तक होते. डहाके यांच्यापुढे पुस्तकाबरोबरच अत्र्यांचा चित्रपट आणि तो पाहिलेल्या तीन पिढ्यांची स्मृती होती, आणि त्या स्मृतीचा रंगही त्यांनी स्वीकारला, असे मला वाटते. कोकणातील ती हिरवी झाडी श्यामने रंगीतच पाहिली होती, हे आपण विसरतो. तरीही एक गोष्ट दोन्ही चित्रपटांनी अभंग राखली: श्याम लहान मुलगाच राहिला. स्वतः गुरुजींचे पुस्तक हे मोठ्या झालेल्या श्यामने रात्री-रात्री बसून सांगितलेले स्मरण आहे. म्हणजे गतकाळाची ओढ त्याच्या मुळाशीच आहे, परंतु ते सांगणाऱ्याने आपले वय आपल्या बालपणावर लादले नाही. 2009 चा ‘बोक्या सातबंडे’ आणि 2012 चा ‘चिंटू’ यांनीही आपापले नायक शाळेच्या वयातच ठेवले. मुले ते चित्रपट आपले म्हणून पाहू शकली.

रूपांतरात बदल करू नये, असे मात्र मी म्हणणार नाही, आणि म्हटले तर सर्वांत आधी भागवतच हसतील. ज्यूल व्हर्नच्या कादंबऱ्या ‘पाताळलोकची अद्भुत यात्रा’, ‘चंद्रावर स्वारी’ अशा नावांनी त्यांनी मराठीत आणल्या, त्या मराठी मुलाच्या जिभेला पेलतील अशा केल्या. फ्रेंच वाचकाच्या तक्रारीची भीती त्यांनी बाळगली नाही. परंतु हे सारे स्वातंत्र्य घेताना त्यांची नजर कोणावर होती? ‘बालमित्र’ मासिक चालवणाऱ्या या माणसाची नजर सदैव त्या दहा-बारा वर्षांच्या वाचकावर होती. दुसऱ्या देशाची, दुसऱ्या शतकाची मिळकत त्यांनी आणली आणि ती मुलांच्या नावावर चढवली. आपण मात्र आपल्याच घरची मिळकत मुलांच्या नावावरून कमी करून स्वतःच्या नावावर चढवत आहोत. ज्या ठेवीचे आपण काही वर्षांपुरते विश्वस्त होतो, तिचे वारस म्हणून आपणच अर्ज करावा, हे विश्वस्ताला शोभत नाही.

म्हणून निर्मात्यांना माझी विनंती एवढीच की, कथानक बदला, काळ बदला, सायकलीऐवजी वाटेल ते वाहन द्या. नायकाचे वय तेवढे राहू द्या. आणि तुम्हा-आम्हा माजी मुलांना सांगणे असे की, पुढच्या वेळी ‘आमच्या वेळचा फेणे असा नव्हता’ हे वाक्य ओठांवर आले, तर ते गिळून घरातल्या एखाद्या पोराच्या हातात मूळ पुस्तक द्यावे आणि आपण दुसऱ्या खोलीत जाऊन बसावे. माझ्या भाच्याच्या प्रश्नाचे उत्तर तेथे पहिल्याच काही पानांत मिळते. त्या पुस्तकांत बनेश अजून विद्याभवनातच शिकतो आहे.