शेवटचा सायकलस्वार कुठे आहे?



पाथर्डी तालुक्यातील तिसगावहून एका आईचे पत्र आले आहे. मुलगा अठरा वर्षांचा, नगरला शिकतो. मे महिन्याच्या अखेरीस तो नऊ मित्रांबरोबर तीन दिवसांच्या सायकल सहलीला गेला. पहिल्या दिवशी नगरहून छत्रपती संभाजीनगर, दुसऱ्या दिवशी पैठण आणि तिसऱ्या दिवशी शेवगाव, तिसगाव, करंजीमार्गे परत नगर. दोन दिवस सगळे ठीक होते. तिसऱ्या दिवशी दुपारी बारा वाजता मुले तिसगावच्या स्टँडवर पोहोचली. आई ताक आणि खजूर घेऊन उभीच होती.

त्या लिहितात, "माझा मुलगा सर्वांत शेवटी आला. तोंड सुकलेले, ओठ फुटलेले. मी म्हटले, बेटा, घरी चल, उद्या एस.टी.ने जा. तो म्हणाला, अम्मी, सगळे हसतील. त्याचा ताकाचा पेला अर्धाही झाला नव्हता, तोच बाकीची मुले निघाली."

पुढे करंजीच्या घाटात त्याच्या मांडीत गोळा आला. बाटलीतले पाणी संपले होते. पुढे-मागे सोबतीचे कोणी नव्हते. शेवटी एका टेम्पोवाल्याने त्याला सायकलसह नगरला सोडले. मित्रांचे जेवणही उरकले होते. एक जण म्हणाला, "तुझ्यासाठी किती थांबायचे?" त्या दिवसापासून सायकल अंगणात पडून आहे. अब्बा म्हणतात, विकून टाका. आई विचारतात, "माझा मुलगा खरेच कमजोर आहे का? अशा सहलींना मुलांना पाठवावे की नाही?"

आपा, तुमचा मुलगा कमजोर नाही. त्या दिवशी त्याच्या पायांपेक्षा त्याची सोबत कमी पडली. असे का म्हणतो, ते सविस्तर सांगतो. ज्यांच्या घरात सायकलवेडी मुले-मुली आहेत, त्यांनीही हे वाचावे.

तिसगावहून नगरला जायचे म्हणजे पश्चिमेकडे जायचे. मे अखेरीस आपल्या भागात वारा पश्चिमेकडूनच वाहतो आणि दुपारी त्याला अधिक जोर असतो. म्हणजे चाळीसेक किलोमीटर वारा तोंडावर. सायकलचा वेग ताशी १५ किलोमीटर आणि समोरचा वारा २० असला, तर अंगावर ३५ चा वारा येतो. शिवाय वाऱ्याचा अडथळा सरळ हिशेबाने वाढत नाही. वारा दुप्पट झाला की अडथळा चौपट होतो.

यावर सायकलस्वारांचा जुना उपाय आहे. एकामागे एक, जवळजवळ चालायचे. पुढचा वारा फोडतो आणि मागच्याला आडोसा मिळतो. सपाट रस्त्यावर मागच्याचे श्रम पावपट, कधी त्याहूनही अधिक वाचतात. काही मिनिटांनी पुढचा मागे जातो आणि दुसरा पुढे येतो. वारा सगळ्यांनी वाटून घ्यायचा, हाच गटाने जाण्याचा खरा फायदा. आता जो मुलगा पन्नास पावले मागे पडला, त्याच्या वाट्याला हा आडोसा येत नाही. पुढचे नऊ जण वारा वाटून घेतात, दहावा एकटा झेलतो. म्हणून तो आणखी थकतो आणि आणखी मागे पडतो. हा आळस नाही, साधा हिशेब आहे.

घाटात गोष्ट वेगळी. तिथे वेग इतका कमी होतो की आडोशाचा फारसा उपयोग नसतो. प्रत्येकाला आपले वजन आपणच वर न्यावे लागते. घाटात सोबत म्हणजे दोनच गोष्टी: मागे कोणी तरी असणे आणि माथ्यावर कोणी तरी थांबलेले असणे. तुमच्या मुलाला दोन्ही मिळाल्या नाहीत.

स्टँडवर जे घडले ते तर बहुतेक गटांत घडते. पुढचे पोहोचतात, बसतात, पाणी पितात, गप्पा मारतात. वीस मिनिटांनी शेवटचा येतो आणि सगळे उठतात, "चला, आला!" म्हणजे ज्याला विश्रांतीची गरज सर्वांत कमी, त्याला ती सर्वांत जास्त मिळते आणि ज्याला खरी गरज, त्याला मिळतच नाही. विश्रांतीचे घड्याळ शेवटचा सायकलस्वार उतरल्यावर सुरू झाले पाहिजे.

आता त्या "किती थांबायचे?" या प्रश्नाला इतिहासातले एक उत्तर पाहू. १५ ऑक्टोबर १९२३ रोजी मुंबईहून सहा पारशी तरुण सायकलवर जगप्रवासाला निघाले: आदी हकीम, जाल बापासोला, रुस्तम भुमगरा, केकी पोचखानावाला, गुस्ताद हाथीराम आणि नरिमन कापडिया. कापडिया तेहरानहून परतले. बाकीच्यांनी पुढे बगदाद ते अलेप्पो हे वाळवंट पार केले. अंतर सुमारे साडेनऊशे किलोमीटर, भयंकर उष्मा, वाळूची वादळे. त्यांना २३ दिवस लागले. हिशेब करा, रोजचे सरासरी एक्केचाळीस किलोमीटर. जवळपास तिसगाव ते नगर! जगाला वळसा घालणारे हे पट्टीचे सायकलस्वार, पण कठीण मुलखात त्यांची एका दिवसाची मजल एवढीच होती. पुढे हाथीराम अमेरिकेत राहिले, पोचखानावाला मायदेशी परतले. हकीम, बापासोला आणि भुमगरा हे तिघे सुमारे ७१ हजार किलोमीटरचा प्रवास संपवून १८ मार्च १९२८ रोजी मुंबईत पोहोचले. कठीण दिवशी मजल छोटी होते, यात लाजण्यासारखे काही नाही.

दुसरे उदाहरण बाबा आमटे यांचे. डिसेंबर १९८५ मध्ये शंभराहून अधिक तरुण-तरुणींना घेऊन ते 'भारत जोडो' सायकल यात्रेवर कन्याकुमारीहून काश्मीरकडे निघाले. पाठीच्या कण्याच्या आजारामुळे बाबांना सायकल चालवणे तर सोडाच, धड बसणेही अवघड होते. ते वाहनात पडून प्रवास करत. ज्याला पायडल मारता येत नाही, तोही गटात असू शकतो. मग तुमचा मुलगा तिसगावला थांबून दुसऱ्या दिवशी एस.टी.ने गेला असता, तर तो गटाबाहेर झाला असता का?

आपल्या घरात मुलांना सांगायला याहून जवळची शिकवण आहे. तीन जण सफरीला निघाले तरी त्यांनी एकाला अमीर नेमावे, अशी हदीस आपण ऐकलेली आहे. हा अमीर कुठे असावा? हजरत जाबिर (रजि.) सांगतात की प्रवासात पैगंबर (स.) काफिल्याच्या मागे राहत, दुबळ्यांना पुढे घेऊन येत, कोणाला आपल्या मागे वाहनावर बसवत आणि त्यांच्यासाठी दुआ करत. हे सांगणाऱ्या जाबिर यांचा स्वतःचा उंटही एका सफरीत थकून मागे पडला होता आणि पैगंबर (स.) त्यांच्याजवळ येऊन त्यांची विचारपूस करून गेले होते. मागे पडलेल्याची चौकशी करणे हे अमीराचेच काम आहे, उपकार नव्हे.

म्हणून अब्बाजानना माझी विनंती, सायकल विकू नका. मुलाला पुन्हा पाठवा, पण निघण्यापूर्वी त्याच्या मित्रांना घरी चहाला बोलवा आणि समोर बसवून या गोष्टी ठरवून घ्या.

सर्वांत दमदार मुलगा सर्वांत मागे राहील. पंक्चरचे सामान, पंप आणि जादा पाणी त्याच्याजवळ असेल. दर दहा किलोमीटरवर आणि प्रत्येक फाट्यावर सगळे एकत्र येतील. महामार्गावर एका ओळीत, कडेने चालतील. हंगामात उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर जवळून जातात, तिथे जोडीने गप्पा मारत जाणे जिवावर बेतते.

मे महिन्यात सायकल फजरनंतर लगेच निघाली पाहिजे आणि अकराला थांबली पाहिजे. दुपारचे ऊन सावलीत काढावे, जोहर तिथेच अदा करावी. पैठण ते नगर एका दिवसात करण्याचा हट्ट नको. तिसगावला मुक्काम करून घाट पहाटे चढावा. तेव्हा वाराही कमी असतो.

भूक लागण्याची वाट पाहू नये. तासातासाला खजूर, केळे, गूळ-शेंगदाणे असे काही खावे. नुसते पाणी पुरत नाही. एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ (चहाच्या चमच्याने) विरघळवून जवळ ठेवावे. कोणी असंबद्ध बोलू लागला, तोल जाऊ लागला किंवा अंग भाजल्यासारखे गरम झाले, तर तो थकवा समजू नये. तो उष्माघात असू शकतो. सावलीत घ्यावे, अंगावर पाणी ओतून वारा घालावा आणि ताबडतोब दवाखाना गाठावा.

मुलालाही एक सांगा. "मला थांबायचे आहे" हे वाक्य घाटात मोडून पडण्याआधी, स्टँडवरच म्हणायला धाडस लागते. ज्या गटात हे म्हणणाऱ्याला हसतात, तो गट सोडावा. ज्या गटात हे ऐकून बाकीचेही सायकली टेकवतात, तो धरून ठेवावा.

घाट संपून मेहेकरी मागे पडली की डोंगरावर सलाबत खानाचा मकबरा दिसतो. सगळे त्याला चांदबीबी महाल म्हणतात. तिथून नगर दहा-बारा किलोमीटरवर राहते. मुलांनी ठरवावे की त्या डोंगराच्या पायथ्याशी सगळ्यांनी थांबायचे, मोजणी करायची आणि दहाच्या दहा जण झाले की मगच पुढे निघायचे.