बोर्डाचा भाव आणि घड्याळाचं पेमेंट

सरळच सांगतो. ज्या स्मार्टवॉचच्या खोक्यावर 'कॉन्टॅक्टलेस पेमेंट' असं ठळक छापलंय, पण ते कुठल्या बँकांच्या कार्डांवर चालतं हे छापलेलं नाही, ते खोकं गिऱ्हाइकाला फसवतंय. आणि वर 'नीट वाचून घ्यायचं ना!' असं ऐकवणारी हुशार मंडळी या फसवणुकीला फुकटात हातभार लावतायत.

आमच्या सावद्याकडच्या केळीवाल्यांना हा प्रकार चांगला ठाऊक आहे. बोर्डाचा भाव एक, हातात पडणारा दुसराच. फरक इतकाच की शेतकऱ्याला दोन भाव असतात हे आधीपासून माहीत असतं. घड्याळ घेणाऱ्याला दुसरा भाव कळतो तो पैसे मोजून झाल्यावर!

आता थोडं तंत्र, म्हणजे दोष नेमका कुणाचा ते कळेल. घड्याळात तुमच्या कार्डाचा नंबर साठवत नाहीत. त्याच्या जागी एक टोकन येतं, म्हणजे त्या कार्डासाठी आणि त्या घड्याळासाठी बनवलेला पर्यायी नंबर. टोकन तयार करतं व्हिसा, मास्टरकार्ड किंवा रुपेचं नेटवर्क, पण हो म्हणायचं असतं तुमच्या बँकेने. त्यासाठी बँकेने त्या घड्याळाच्या पेमेंट सेवेशी आधी करार आणि टेस्टिंग केलेलं असावं लागतं. म्हणजे घड्याळातली एनएफसी चिप हा नुसता नळ. पाणी सोडायचं की नाही ते बँक ठरवते. कंपनी नळाचे पैसे घेते आणि पाण्याचं नाव निघालं की बँकेकडे बोट दाखवते.

माझ्या मामांनी हेच भोगलं. घड्याळवाले म्हणाले बँकेला विचारा, बँक म्हणाली घड्याळवाल्यांना विचारा. शेवटी मामा मला म्हणाले, "मंग तू काय कामाचा इंजिनिअर रे भो?" असो.

'रिझर्व्ह बँकेचे नियम कडक आहेत हो' ही सबब तर आता विसराच. जानेवारी २०१९ मध्ये टोकनची परवानगी फक्त मोबाईल आणि टॅबलेटपुरती होती, कबूल. पण २५ ऑगस्ट २०२१ च्या परिपत्रकाने ती मनगटावरची घड्याळं आणि बँड यांनाही मिळाली. पिनशिवाय टॅप करायची मर्यादा १ जानेवारी २०२१ पासूनच २००० वरून ५००० रुपये झाली होती. म्हणजे दार उघडलंय, उंबरठा ओलांडायचा कंटाळा बँकांना आहे.

बरं, प्रामाणिकपणे विकता येतच नाही असंही नाही. सप्टेंबर २०२० मध्ये टायटन आणि स्टेट बँकेने पट्ट्यात चिप असलेली घड्याळं आणली. स्मार्टवॉच नव्हती ती, साधी घड्याळं. चालायची फक्त स्टेट बँकेच्या खातेदारांना, पण तसं स्वच्छ सांगितलेलं होतं. २०२४ चं एअरटेल पेमेंट्स बँक आणि नॉइजचं घड्याळही असंच, त्या बँकेच्या खात्याला जोडलेलं. एक घड्याळ, एक बँक. गैरसोयीचं आहे, पण खोटं नाही. उलट अ‍ॅपल पे अमेरिकेत २०१४ साली सुरू झालं आणि २०२४ संपलं तरी भारतात आलेलं नव्हतं. तोवर अ‍ॅपल वॉच मात्र इथे वर्षानुवर्षं विकली गेली, आणि तिकडचे रिव्ह्यू बघून किती जणांनी 'टॅप करून पैसे देता येतील' असं धरलं असेल!

आता तुम्ही म्हणाल, यूपीआय असताना हवंय कशाला हे? चहाच्या टपरीवरही क्यूआर असतो. अगदी बरोबर! आणि बहुतेक घड्याळांना कॅमेराच नसतो, त्यामुळे तो क्यूआर स्कॅन करायला शेवटी खिशातून फोन काढावाच लागतो. सावद्यासारख्या गावात टॅप घेणारं मशीन आधी शोधावं लागतं, आणि खातं जिल्हा बँकेत असेल तर मशीन सापडूनही उपयोग काय? पण मग ज्याचा इथे उपयोग नाही, ते किमतीत का धरता? पुण्यातल्या बड्या खासगी बँकेच्या खातेदाराला आणि सावद्यातल्या जिल्हा बँकेच्या खातेदाराला खोकं तेच आणि किंमतही तीच. सोय मात्र एकालाच, तीसुद्धा नशीब असेल तर.

कायदा याबाबतीत मुका नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ महत्त्वाची माहिती जाणूनबुजून लपवणाऱ्या जाहिरातीला दिशाभूल करणारी म्हणतो. जून २०२२ ची मार्गदर्शक तत्त्वं तर सांगतात की खुलासा दाव्याच्याच भाषेत आणि दाव्याच्याच टाईपात हवा. तळाशी मुंगीएवढ्या अक्षरात 'निवडक बँका' लिहिणं म्हणजे खुलासा नव्हे, पळवाट आहे.

माझं मागणं फार नाही. खोक्यावर आणि ऑनलाईन पानावर दाव्याच्या शेजारीच बँकांची नावं आणि यादीची तारीख छापा. एकही भारतीय बँक नसेल तर 'भारतात पेमेंट चालत नाही' असं लिहा. बँकांनीही आपल्या साईटवर कुठली घड्याळं चालतात ते सांगावं, 'लवकरच येत आहे' चालणार नाही. आणि न लिहिता विकलं असेल तर घड्याळ परत घेऊन पूर्ण पैसे द्या.

तोवर मंडळी, दुकानदाराला एकच प्रश्न विचारा: "माझं कार्ड आत्ता इथे जोडून दाखवता का?" नाही म्हणाला, तर घड्याळ वेळ बघण्यापुरतंच आहे असं समजा आणि तेवढ्याचेच पैसे द्या.