उचल फिटत नाही, कारण पट्टा मिळत नाही



दसऱ्याला उचल घेतली की दिवाळीनंतर टोळ्या निघतात. शिरोळ, हातकणंगले, कागल, करवीरच्या फडात कोप्या पडतात. बीडकडच्या टोळ्यांसोबत नंदुरबार-धुळ्याचे आपले भिल्ल, पावरा भाऊबहीणही असतात. गेल्यावर काय हाल होतात ते वाचकांना सांगायला नको, निम्मे वाचक तिथूनच आलेत. आम्हाला एवढंच मांडायचं आहे की जमिनीची लढाई आणि मजुरीची लढाई एकच आहे.

आधी मजुरीचा हिशोब बघू. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीदरात ३४ टक्के वाढ झाली, टनाला साधारण ३६६ रुपये झाले. नवरा-बायको मिळून एक कोयता. दिवसात दोन टन तोडले तर ७३२, म्हणजे माणशी ३६६. त्यात मोळ्या बांधायच्या, रात्री दोनला गाडी आली तरी उठून भरायची. आणि हा पैसा हातात येतच नाही, उचलीत वळता होतो. उचल फिटेपर्यंत फड सोडता येत नाही. वेठबिगारी बंदीचा कायदा १९७६ चा, आणि त्याच्या कितीतरी आधी शाहू महाराजांनी याच कोल्हापुरात वेठ बंद केली होती. मग ही कुठली पद्धत म्हणायची?

उसाला कायदा आहे. ऊस गेल्यावर चौदा दिवसांत पैसे, नाहीतर पंधरा टक्के व्याज, असं १९६६ चा ऊस नियंत्रण आदेश सांगतो. तो पाळला जावा म्हणून इथल्या शेतकऱ्यांनी रस्ते अडवले, ते बरोबरच केलं. पण त्याच उसाला कोयता लावणाऱ्याचं साधं हजेरीपुस्तक नाही. कारखाना म्हणतो, ही मुकादमाची माणसं. मुकादम म्हणतो, काम कारखान्याचं. १९७९ चा स्थलांतरित कामगारांचा कायदा झाला तोही राज्याची हद्द ओलांडणाऱ्यांसाठी. धडगावहून शिरोळला आलेला मजूर त्यात बसलाच नाही.

आता फडात यंत्र आलंय. ते घेणाऱ्याला २०२३ च्या योजनेत ४० टक्के, जास्तीत जास्त ३५ लाख अनुदान. यंत्रामुळे ज्याचा कोयता बंद पडेल त्याच्यासाठी त्या योजनेत काय आहे? आम्ही यंत्राच्या विरोधात नाही. पाठीचा कणा मोडणारं काम कुणाला हवंय? पण काम गेल्यावर परत जायला स्वतःची जमीन पाहिजे.

आणि इथेच खरी गोम आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याने १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून कसत असलेली वनजमीन आदिवासीच्या नावावर व्हायला हवी. दावा ग्रामसभेत मंजूर व्हावा लागतो, त्याला निम्मे सभासद हजर पाहिजेत. २६ जानेवारीच्या ग्रामसभेला अर्धं गाव फडात असतं! मोजणीला, पंचनाम्याला माणसं येतात तेव्हा घराला कुलूप. मग शेरा पडतो, ‘दावेदार गैरहजर’. पट्टा नाही म्हणून पीककर्ज नाही, पीककर्ज नाही म्हणून उचल, उचल घेतली म्हणून गैरहजर, गैरहजर म्हणून पट्टा नाही. या चक्रातून एकेकट्याला बाहेर पडता येणार नाही.

म्हणून या वर्षी प्रत्येक पाड्यावर एवढं करा:

१. टोळी निघायच्या आधी, २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत सगळे दावे मांडा. ठरावाची नक्कल हातात घेतल्याशिवाय उठू नका.

२. बाहेर जाणाऱ्यांची यादी वनहक्क समितीकडे द्या. मोजणी, पंचनामा ते परतल्यावरच व्हावा असा ठराव करा.

३. उचल किती, टन किती, कापले किती, हे वहीत लिहा. कोऱ्या कागदावर, कोऱ्या चेकवर सही-अंगठा देऊ नका.

४. कारखान्याने प्रत्येकाला ओळखपत्र आणि हजेरी द्यावी. बाईला वेगळी, तिच्या नावाची.

शेवटचा मुद्दा नीट लक्षात ठेवा. कोयत्यात बाई अर्धी धरतात, तिचा पैसा नवऱ्याच्या नावाने उचलीत जातो. वनहक्काच्या पट्ट्यावर मात्र नवरा-बायको दोघांची नावं लागतात, तसं कायद्यातच लिहिलंय. म्हणून ग्रामसभेला बायांनी पुढे बसायचं. पट्टा हातात आला की पुढच्या दसऱ्याला मुकादम दारात येईल तेव्हा दोघांना मिळून ‘नाही’ म्हणता येईल.

लढेंगे, जितेंगे!